राजसबाईंचं खातं

पोस्टातून निवृत्त झालेले मैलापूरचे बालाजीराव बायकोशी जन्मभर भांडले आणि ती गेल्यावर तिच्या भांडणाचाच आवाज ऐकत जगू लागले. राजसबाई मोबाइलवर तंजावरी मराठी स्वयंपाकाचे व्हिडिओ आपल्या बोलीत टाकायच्या. आंबट वरण ढवळता ढवळता मध्येच नवऱ्यावर डाफरायच्या, "मीठ कोठें ठेवलांत हो?" वरण कुणी करो न करो, ते डाफरणं सिंगापूर, दुबई, अमेरिकेतले भाऊबंद आवडीने ऐकत. बालाजीराव तर रोज सकाळी कॉफीबरोबर एक व्हिडिओ लावत. फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळचे व्हिडिओ त्यांनी पुसून टाकले होते. खात्यावर आहेतच की, असा त्यांचा हिशेब.

लोकसभेची निवडणूक आली. बाईंचा मागच्या निवडणुकीतला एक व्हिडिओ होता. शाई लावलेलं बोट नाचवत त्या म्हणत होत्या, "घरीं बसून रहाल तर मग बोंबलाला येऊं नका!" बालाजीरावांनी तो बाईंच्याच खात्यावरून पुन्हा टाकला, वर दोन ओळी लिहिल्या आणि भाऊबंदांना कळवलं, पुढे पाठवा. त्यांच्या लोकांत वडीलधाऱ्यांनी लग्नाचं किंवा तिथीचं लिहून दिलं की ते काना-मात्रा न बदलता पुढे जातं. बदलणं म्हणजे त्यांचा अपमान. इथेही तसंच झालं. एकाच सकाळी परदेशातल्या कितीतरी खात्यांवर तेच शब्द आणि तोच व्हिडिओ.

दुपारी खातं बंद! निवडणुकीत ढवळाढवळ करणारा परदेशी संघटित प्रचार, असं कारण आलं. खरोखर परदेशात बसून विष कालवणारे मात्र मजेत होते. त्यांना दर वेळी शब्द बदलण्याची अक्कल होती. संताप येतो, दुसरं काय!

नात श्रीविद्या अण्णा नगरहून धावत आली. फोन बघून तिचा चेहरा पडला.

"तात्ता, अपील एकदांच करतां येतं. नाहीं तर सगळे व्हिडिओ कायमचे जातील. पण खातं आजीच्या नावावर आहे. तिचा फेस दाखवा म्हणतंय."

"तुझी आजी अत्तां कोठून आणूं, कण्णा?"

 बालाजीराव उठले, भिंतीवरचा फोटो उतरवला, चंदनाचा हार काढून ठेवला, नेसलेल्या वेष्टीच्या टोकाने काच पुसली आणि फोटो फोनसमोर धरला. पडद्यावरच्या गोलात राजसबाई नीट बसल्या.

"डोकं डावीकडे वळवा म्हणतंय," श्रीविद्या म्हणाली.

बालाजीरावांनी चौकट हळूच डावीकडे कलती केली. गोल तसाच राहिला. त्यांनी आणखी कलती केली.

"राजसा, जन्मभर माझं ऐकलं नाहींस. अत्तां एकदां ऐक गे. वळ."

गोल लाल झाला. जिवंत व्यक्ती आढळली नाही, अशी ओळ उमटली. ती वाचून दाखवायचा श्रीविद्याला धीर होईना. तिने नुसता फोन खाली ठेवला आणि तोंड फिरवलं.

फोटो तसाच धरून बालाजीराव म्हणाले, "ठेवूं नको, कण्णा. परत लाव. तिला तयार व्हायला वेळ लागतो."