पत्रिकेच्या कोपऱ्यातला शब्द

हाइकाएलीच्या हातची लग्नपत्रिका गावात कुणी फेकत नसे. लग्न होऊन जाई, त्या जोडप्याला मुलं होत, तरी पत्रिका आरशाच्या चौकटीत खोचलेली राही. केळीच्या वाळक्या सोपटाच्या पट्ट्या ती ब्लेडने कापायची आणि खळीने जाड कागदावर चिकटवायची. एकाच केळीत किती रंग असतात हे तिला या छंदामुळे कळलं. बाहेरचं सोपट काळपट, आतलं तांबूस, गाभ्याजवळचं सायीसारखं. त्यातून ती डोंगर करायची. माथ्यावरच्या बर्फाला गाभ्याची पट्टी, पायथ्याशी कॉफीची फांदी, कधी म्बेगे, म्हणजे केळ्याची दारू, प्यायचा भोपळा.

तशी ती मुलींच्या शाळेत भूगोलाची बाई. एकुलती एक मुलगी मांका होस्टेलला गेली त्या वर्षी घर खायला उठलं, म्हणून हा उद्योग सुरू झाला. आधी नाताळची भेटकार्डं, मग परीक्षेला बसणाऱ्या मुलींसाठी शुभेच्छांची, मग ओळखीपाळखीतल्या लग्नांच्या पत्रिका. पैशांचं नाव काढलं की ती रागवायची.

चिकटवणं संपलं की काळ्या शाईने पाहुण्यांची नावं, आणि सगळ्यात शेवटी खालच्या कोपऱ्यात एक शब्द. सिंगल किंवा डबल. एकट्याला बोलावणं असेल तर सिंगल, जोडप्याला डबल. हॉलच्या दारातली मंडळी तो शब्द बघून माणसं आत सोडतात, स्वयंपाकी त्यावर ताटं लावतो. म्हणून आमच्याकडे पत्रिका हातात पडली की आधी कोपरा बघतात, नवरानवरीची नावं मागाहून.

मांकाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी हेडमास्तरीणबाईंच्या मुलाचं लग्न होतं. पत्रिका वाटून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आइसा पाट ओलांडून हसत हसत आली. आइसा म्हणजे पाटापलीकडची शेजारीण. दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आल्या होत्या, तेव्हापासूनची मैत्री. मागोमाग तिचा नवरा ओफोरोही आला. आइसाने पत्रिका पुढे केली.

"मांकाच्या आई, नावं दोन आणि ताट एक? आमच्यातल्या कुणाला उपाशी ठेवायचा विचार आहे तुझा?"

हाइकाएलीने पाहिलं. वर आइसा आणि ओफोरो लिमो अशी दोघांची नावं, आणि कोपऱ्यात सिंगल. अक्षर तिचंच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आण इकडे, दुरुस्त करते, म्हणून तिने हात पुढे केला, तर ओफोरोने पत्रिका खिशात घातली. एवढ्या देखण्या पत्रिकेवर खाडाखोड कशाला, म्हणाला. लग्नाकार्याच्या कोटाची बटणं नाहीतरी आता पोटावर लागत नाहीत. "तुम्ही बायका जा. मी गाईजवळ थांबतो. गाय निदान भाषणं तरी करत नाही." तिघंही हसली. हाइकाएलीने हेडमास्तरीणबाईंना आठवणीने सांगून ठेवलं, दारात त्याला अडवू नका.

अडवायची वेळ आली नाही. शनिवारी आइसा एकटीच आली. नवरा कुठे, असं विचारल्यावर म्हणाली, "पत्रिकेत नाव कापलंय म्हणे त्याचं, रुसून बसलाय," आणि दोघी पुन्हा हसल्या. पलीकडच्याच टेबलावर जिल्ह्याच्या दवाखान्यातले डॉक्टर बसले होते. गाणं लागलं तेव्हा ते कोट काढून नाचले.

संध्याकाळी आइसा घरी परतली तर गाय हंबरत होती. ओफोरो केळीच्या बागेत पडला होता, कापलेल्या गवताच्या भाऱ्याशेजारी, विळा हातातच. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. कुणी जवळ असतं तर काही करता आलं असतं का, हे त्यांना कुणी विचारलं नाही, पण त्यांनी आपणहून सांगितलं: कदाचित.

रीतीप्रमाणे त्याला त्याच्याच केळीत पुरलं. हाइकाएलीच्या स्वयंपाकघराच्या दारातून ती जागा दिसते.

आइसा एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती, सगळ्यांदेखत काही बोलली असती तरी हाइकाएलीला बरं वाटलं असतं. मातीच्या दिवशी तिने हाइकाएलीचा हात धरला होता आणि पुष्कळ वेळ सोडला नव्हता. त्यानंतर मात्र बोलणं पाटाच्या दोन काठांवरून होऊ लागलं. कशी आहेस. बरी आहे. पाणी आलं का. आलं.

हाइकाएली तो शब्द लिहिला तो क्षण आठवायचा प्रयत्न करी. त्याच्या आधीची पत्रिका तिला आठवायची, चर्चच्या गायकवृंदाच्या मास्तरांची. नंतरचीही आठवायची, तेव्हा पेन अडकलं होतं आणि तिने ते झटकलं होतं. मधली नाही. मधे जणू ती उठून बाहेर गेली होती आणि तिच्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसून लिहून गेलं होतं. तिने ब्लेड, पेन, सोपटाच्या पट्ट्या सगळं पत्र्याच्या ट्रंकेत टाकलं. एकदा बाजारात एक बाई दुसरीला सांगताना तिने ऐकलं, पत्रिका आपल्या छापूनच घे, त्या मास्तरणीच्या हातच्या नकोत. मागे वळून हाइकाएलीला पाहिल्यावर ती बाई घाईघाईने अवोकाडो दाबून बघायला लागली.

मग मांकाचं लग्न ठरलं. मांका दार-एस-सलामला बँकेत नोकरीला. मुलगा माचामे गावचा, गॉडलिसन स्वाई, बोलायला गोड. लग्न डिसेंबरच्या सुरुवातीला, सगळी माणसं डोंगरावर घरी येतात तेव्हा. पत्रिका छापून घेऊ, असं आईने फोनवर सुचवलं तर पोरगी फणकारली.

"गावभरच्या पोरींना तुझ्या हातच्या आणि मला छापील? मी काय सवतीची आहे?"

आईने डोळ्यांचं निमित्त सांगितलं.

"डोळ्यांना काय झालंय तुझ्या? माझं वजन वाढलेलं तर तुला फाटकातून दिसतं."

हाइकाएलीने ट्रंक उघडली. हात काही विसरले नव्हते. डोंगर झाला, फांदी झाली. नावं मात्र तिने स्वतः घातली नाहीत. मांकाच्या बाबांना बसवलं. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं, पण तेच बरं, असं ती म्हणाली. प्रत्येक कोपरा ती स्वतः वाचायची, मग त्यांना मोठ्याने वाचायला लावायची. ते वैतागले. मी काय परीक्षेला बसलोय का, म्हणाले.

शेवटी आइसाची पत्रिका उरली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "सिंगल ना?"

या वेळी तो शब्द बरोबर ठरणार होता. तेच घर, तोच कोपरा, तोच शब्द. गेल्या वर्षी जी चूक होती तीच आता खरी माहिती झाली होती. तिने त्यांच्या हातून पत्रिका काढून घेतली आणि मीच नेऊन देते म्हणाली.

मग मसालेचं पान घेऊन जा, ते म्हणाले. मसाले म्हणजे स्वयंपाकातले नव्हेत; त्या नावाची झुडपं आमच्याकडे बांधांवर आणि थडग्यांभोवती असतात. त्याच्या पानाला गाठ मारून कुणाच्या दारात गेलं, तर त्या माणसाला माफी नाकारता येत नाही, मग गुन्हा कितीही मोठा असो. हाइकाएलीने नकाराची मान हलवली.

"पान नेलं तर तिला नाही म्हणता येणार नाही."

"मग चांगलंच आहे की."

"तेच चांगलं नाही," ती म्हणाली.

रविवारी चर्च सुटल्यावर ती पाटावरच्या फळीवरून पलीकडे गेली. आइसा दारात बसून हिरवी केळी सोलत होती. तिने पायानेच एक स्टूल पुढे सरकवलं. चिकाने काळे झालेले हात पुसून तिने पत्रिका घेतली आणि कोपरा पाहिला. कोपरा कोरा होता. नावाची ओळही कोरीच होती.

"पान नाही आणलंस?" आइसाने विचारलं.

"नाही."

"बरं केलंस. आणलं असतंस तर माफ करावं लागलं असतं."

ती पुन्हा केळी सोलू लागली. मग खाली बघतच तिने सांगितलं, की तो येतो. स्वप्नात नाही. धार काढायच्या वेळेला, दारात. रोज नाही, खाली हॉलमध्ये ज्या शनिवारी लग्न असतं त्या शनिवारी. तोच कोट घातलेला, बटणं उघडी. रागात नसतो. गाडीची वाट बघत उभा असलेल्या माणसासारखा दिसतो.

"काही बोलतो?"

"एकच विचारतो. दारातून आत सोडतील ना मला, म्हणून."

हाइकाएलीने केळीकडे पाहायचं टाळलं. आत गाय रवंथ करत होती, तेवढाच आवाज.

"मी काय सांगू त्याला?" आइसा म्हणाली. "तू दोघांची नावं घाल आणि डबल लिही. तेव्हा तू त्याला बोलावलं नव्हतंस. आता बोलाव."

आपल्या लेकीच्या लग्नाला, आपल्या हाताने, नाव घालून मेलेल्या माणसाला आवतण. माचामेच्या लोकांना नुसता वास जरी लागला तरी ते वरात मागे फिरवतील. आणि त्यांना नाही कळलं तरी? मांकाला अजून सगळं व्हायचं होतं. घर, बाळंतपणं, सगळं.

"आइसा, मला एकच मुलगी आहे."

"ठाऊक आहे मला. मलाही तो एकच होता."

ती चिडून बोलली नाही. केळ्याची साल सोलून टोपलीत टाकावी तसं बोलली. हाइकाएलीने पिशवीतून पेन काढलं, मांडीवर चर्चमधलं गाण्यांचं पुस्तक ठेवलं आणि तिथेच लिहिलं. आइसा आणि ओफोरो लिमो. कोपऱ्यात डबल. या वेळी तिने प्रत्येक अक्षर डोळ्यांनी पाहिलं, आणि अक्षरं इतक्या सहज उमटत गेली की त्याचीच तिला भीती वाटली.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

लग्नाच्या दिवशी आइसा निळ्या छापील कापडाची कितेंगे नेसून आली. दारातल्या पोराने पत्रिका पाहिली, तिच्या मागे पाहिलं, पुन्हा पत्रिका पाहिली. तोवर ती आत गेली होती. ती मधल्या रांगेत बसली. शेजारची खुर्ची तिने रिकामी ठेवली, त्यावर पर्ससुद्धा ठेवली नाही. वाढप्याने दोन ताटं मांडली. कुणाचा तरी काका खुर्ची ओढायला आला तेव्हा आइसाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, इथे माणूस आहे. काका माफी मागून निघून गेला.

हाइकाएली वधूच्या आईच्या जागी, पुढे मंचाजवळ बसली होती आणि मांकावरची नजर काढत नव्हती. पायरी उतरताना मांकाचा पाय झग्यात अडकला तेव्हा ती अर्धी उठली. मांकाला ठसका लागला तेव्हा हिचा श्वास थांबला. आमच्या रीतीप्रमाणे अख्खा भाजलेला बकरा तोंडात गवत खोवून वाजतगाजत आणला, मांकाने त्याचा पहिला तुकडा आईला भरवला, तो हाइकाएली चावायलाच विसरली. शेजारच्या विहीणबाईंना वाटलं, लेक जायची म्हणून गळा दाटलाय. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

काहीच वाईट झालं नाही. मांका इतकी हसत होती की डोळ्यांतलं काजळ पसरलं. शेवटी नवराबायको टेबलाटेबलावरून वडीलधाऱ्यांना नमस्कार करत फिरले. आइसासमोर मांका वाकली. सरळ झाली. मग शेजारच्या खुर्चीकडे वळून पुन्हा जराशी वाकली; नमस्काराला, की ओढणी कुठे अडकली म्हणून, ते हाइकाएलीला लांबून नीट दिसलं नाही. विचारायचं तिला धाडस झालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

नाताळ उलटल्यावर एक दिवस आइसा झाकलेला टोप घेऊन फळीवरून आली. आत केळ्यामटणाचं म्तोरी होतं, वाफाळतं. ती हाइकाएलीच्या स्वयंपाकघरात पूर्वीसारखी चुलीजवळ बसली आणि गप्पा मारू लागली. विहीणबाईंच्या टोपीवरून हसली. हॉलमधल्या सूपमध्ये मीठ कमी होतं, आणि म्तोरी कसं करतात ते त्या स्वयंपाक्याने आपल्याकडे येऊन शिकावं, म्हणाली. तिचे गाल भरले होते. निघता निघता तिने सांगितलं, त्या लग्नानंतर खाली हॉलमध्ये दर शनिवारी लग्नं झाली. तो आला नाही.

"एकदाही?"

"एकदाही नाही. मी धार काढते, दारात कुणी नसतं. झोप लागते आता, मांकाच्या आई. मेल्यासारखी झोपते." आणि स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच हसली.

हाइकाएलीलाही रडू आणि हसू एकदमच आलं. आइसाला फळीपर्यंत पोचवून ती परत आली, टोप घासायला घेतला. मनावरचा दगड उतरला असं तिला खरोखरच वाटलं. टोप घासून झाला, तो तिने पालथा घातला आणि मग तिच्या मनात आलं: त्या संध्याकाळी हॉल बंद झाला. लोक आपापल्या वाटेने गेले. नवरानवरीची गाडी दुसऱ्या दिवशी दार-एस-सलामला निघाली. तो आइसाकडे परत गेला नाही. मग हॉलमधून तो गेला कुठे?

तिने हात पुसले आणि फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर मांकाने उचलला.

"आई, कालच बोललो ना आपण."

"हो. जेवलात का?"

"जेवतोय."

"कोण कोण आहे घरी?"

"कोण असणार? आम्ही दोघं."

"दोघंच ना?"

"आई, तुला झालंय तरी काय? दोघंच. गॉडलिसनकडे देऊ का फोन?"

नको, म्हणाली. तेव्हापासून ती दर शनिवारी संध्याकाळी फोन करते. हवापाण्याचं विचारते, मासळीचे भाव विचारते, आणि बोलता बोलता तेही विचारून घेते. मांकाला आता त्याची सवय झाली आहे. ती हसून सांगते, दोघंच. हाइकाएली बरं म्हणते, पण फोन लगेच ठेवत नाही. मांकाच्या आवाजाच्या मागे, त्या घरात आणखी काही ऐकू येतं का, ते थोडा वेळ ऐकत राहते.