शनिवारची भाकरी

"हात लावू नगंस. नातवाचं हाय ते."

आमच्या शेजारच्या मळ्यातला म्हातारा दिवसातून वीस वेळा तरी हे म्हणायचा, आणि म्हणताना उजव्या मुठीभोवती गोफणीची दोरी गुंडाळायचा. जामाच्या झाडाकडे कुणी नुसतं पाहिलं तरी दोरी गुंडाळायला सुरुवात व्हायची. आम्ही पेरूला जाम म्हणतो. त्याच्याकडे सात जामाची झाडं होती, चार सीताफळाची, एक डाळिंब आणि कुंपणावर वाळकाचे वेल. या सगळ्या फळांचे मालक दोन. एक नातू, एक नात. दोघं राहायची करजगीला, म्हणजे आमच्यापासून दोन मुक्काम लांब, आणि वर्षाचे दहा महिने ती इकडे फिरकायची नाहीत. तोवर फळं पिकून खाली पडली तरी चालतील, पण शेजारच्या लेकराच्या तोंडात जाता कामा नयेत, असा त्याचा कायदा होता.

तुमच्याही गावात असा एखादा असेल. आमचा जरा जास्तच होता. तो मला कधी आवडला नाही आणि आज तो नाही म्हणून आवडायला लागला असंही नाही. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. ती ज्यांना जमते त्यांनी पाळावी.

मी मुडबीच्या अलीकडच्या त्या खेड्यात नांदायला गेले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि म्हातारा तेव्हाही म्हाताराच होता. जन्म मेंढरांमागे गेलेला. गुडघे थकल्यावर कळप पुतण्यांच्या हवाली करून ओढ्याकाठी दोन एकर राखून बसला होता. बायको गेलेली, एकच लेक, ती करजगीला दिलेली. गाव त्याला आप्पा म्हणायचं, मीही म्हणायचे. तो मला काहीच म्हणायचा नाही. बोलायचंच झालं तर माझ्या म्हशीकडे बघून बोलायचा.

"म्हस बांध. वाफ्यात तोंड घालायली."

त्याच्या मळ्याचे आणि आमच्या मळ्याचे सामाईक शत्रू म्हणजे वानरं. पंधरा-वीस जणांचं टोळकं ओढ्याकाठच्या चिंचेवर असायचं. आम्ही हाकलायचो, पण शनिवारी नाही. शनिवार मारुतीचा. त्या दिवशी गावातलं प्रत्येक घर बांधावरच्या दगडावर एक भाकरी ठेवायचं, वानरं खाली उतरून ती उचलायची आणि आपण हात जोडायचे. म्हातारा शनिवारीही गोफण फिरवायचा. त्याचा दगड वानराच्या अंगावर बसलेला मी एकदाही पाहिला नाही. तो फांदीवरच बसायचा, हव्या त्या फांदीवर. पण शनिवारी दगड भिरकावणारा हात गावाच्या डोळ्यांत खुपायचा. पाटलांनी एकदा त्याला विचारलंही.

"आप्पा, शनिवारी तरी देवाला खाऊ द्या की."

"देवाला भाकर हाय. जाम नातवाचं हाय," म्हातारा म्हणाला आणि पाटलांच्या देखत दगड भिरकावला.

दिवाळीला पोरं यायची आणि मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात येळवसचं जेवण करूनच परत जायची. तेवढे दोन महिने म्हातारा माणसात असायचा. नातवाला खांद्यावर घेऊन तो झाडाखाली उभा राहायचा, पोरगा वरचे जाम तोडायचा, नात ओट्यात धरायची. सुगरणीची पडलेली घरटी त्यानं वर्षभर जमवून ठेवलेली असायची, ती नातीला द्यायचा. मुंगसाचं बीळ दाखवायला तिला पहाटे ओढ्यावर न्यायचा आणि हा हेकट माणूस तासभर हूं की चूं न करता तिच्याजवळ बसायचा. पोरं गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला त्याचं हे कौतुक मुळीच वाटायचं नाही. दुसऱ्याच्या लेकरावर डोळे वटारायचे आणि आपल्यांसाठी लोणी व्हायचं, यात काय मोठेपणा.

आता माझं सांगते. माझ्या थोरल्या मुलीनं एक तित्तर पाळला होता. पिल्लू असताना ज्वारीच्या रानात सापडलेला. तो तिच्यामागून तुरुतुरु चालायचा, ती थांबली की थांबायचा, तिच्या परकराच्या घोळात शिरून झोपायचा. म्हाताऱ्याचा काळ्या नावाचा कुत्रा मेंढरांच्या राखणीतला, अंगानं वासराएवढा. एके दिवशी तित्तर बांध ओलांडून गेला आणि काळ्यानं एका घासात त्याचा कारभार आटोपला. मुलगी रडत पिसं गोळा करत होती. मी तावातावानं म्हाताऱ्याकडे गेले.

"तुमच्या कुत्र्यानं लेकराचं पाखरू खाल्लं, आप्पा."

तो वाफ्यातलं पाणी वळवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "कुत्रं हाय. पाखरू दिसलं, धरलं. पिंजऱ्यात कामून ठेवला न्हाई?"

मुलगी दोन दिवस जेवली नाही. मी तिसऱ्या दिवशी भाकरी थापली.

आमच्या घरात कुचल्याच्या बिया होत्या. उसात कोल्हे शिरतात म्हणून सासऱ्यांनी आणून ठेवलेल्या. जालीम विष. मी त्या कुटून पिठात मिसळल्या, भाकरी भाजली, वर गूळ-तूप चोपडलं आणि बांधावरच्या दगडावर ठेवून आले. काळ्या दुपारी त्याच दगडाच्या सावलीला झोपायचा. मला त्या कुत्र्याला मारायचं होतं. त्याबद्दल आजही मला खोटं बोलायचं नाही.

चूक वाराची झाली. आम्हा शेतकऱ्यांना वार बाजारावरून कळतो. शुक्रवारी बाजार भरला, की दुसऱ्या दिवशी शनिवार. त्या आठवड्यात शेजारच्या गावात प्लेगचे उंदीर पडले म्हणून शुक्रवारचा बाजार भरलाच नाही. सासूबाई असत्या तर त्यांच्या उपासावरून तरी कळलं असतं, पण त्या लेकीकडे गेलेल्या. माझ्या हिशेबानं त्या दिवशी शुक्रवार होता. वानरांच्या हिशेबानं मात्र शनिवार होता, आणि त्यांचाच बरोबर निघाला. त्यांना ठरल्या दिवशी, ठरल्या दगडावर भाकरी मिळाली.

एक मोठी वानरी म्हाताऱ्याच्या जामाखाली मरून पडली. पोटाला पिल्लू बिलगलेलं. ते जिवंत होतं.

गाव जमलं. भाकरीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, शनिवारी भाकरी तर सगळेच ठेवतात. लक्ष गेलं ते म्हाताऱ्याच्या मुठीतल्या गोफणीकडे. अंगावर जखम नव्हती, तर कुणीतरी म्हणालं, "आतला मार हाय." झालं. सगळ्यांना पटलं. आमच्याकडे वानर मेलं की माणसासारखं नेतात. बांबूच्या खुर्चीत बसवलं, गुलाल उधळला, टाळ-मृदंग लावून मारुतीच्या देवळामागे पुरलं. बायकांनी कुंकू लावलं. मीही लावलं. माझा हात जराही कापला नाही, हे मला अजून आठवतं आणि त्याचाच जास्त राग येतो.

चावडीवर निवाडा झाला. म्हाताऱ्यानं मारुतीच्या पायरीवर डोकं ठेवून म्हणायचं की पाप झालं. तेवढंच. दंड नाही, गावजेवण नाही.

"म्या मारलं न्हाई," म्हातारा म्हणाला.

"मग कुणी मारलं?"

तो मुठीभोवती गोफणीची दोरी गुंडाळत राहिला. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. तीन लेकरं, सासू-सासरे, नवरा, सगळ्यांची तोंडं डोळ्यांसमोर आली. मी गप्प राहिले. पायरीवर डोकं ठेवायला म्हातारा तयार होईना, तेव्हा गावानं त्याला वाळीत टाकलं. न्हावी जाईना, चुलीला विस्तव कुणी देईना.

त्याचं त्याला काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. गाव बोलत नाही म्हणून दुःख व्हायला आधी गावाशी बोलायची सवय लागते. पण बातमी करजगीला पोचली. जावयाचं घर मारुतीचं कडक भक्त. वानर मारणाऱ्याच्या दारी लेकरं पाठवायची नाहीत, असा निरोप आला. दिवाळी गेली, येळवस गेली, पोरं आली नाहीत. जाम पिकून पडले. म्हातारा तरीही वानरं हाकलत राहिला. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. मी सुखात होते असं नाही, पण मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटायचं, हेही सांगून टाकते. माझ्या मुलीचा तित्तर गेला होता ना.

तिसऱ्या दिवाळीला त्यानं निवडून निवडून जाम आणि सीताफळं टोपलीत भरली, वर कडुनिंबाचा पाला घातला आणि करजगीच्या बाजूला निघालेल्या एका गाडीवानाबरोबर पाठवली. दहा दिवसांनी टोपली परत आली. पालाही हलवलेला नव्हता. आत सगळं कुजून काळं झालं होतं. म्हाताऱ्यानं ते ओढ्यात टाकलं नाही. एकेक फळ काढून झाडाच्या बुडाशी पुरलं, जसं काही उद्या कुणी मोजायला येणार आहे. मी बांधावरून बघत होते. मला उभं राहवेना. मी बांध ओलांडला.

"आप्पा, वानरी माझ्या भाकरीनं मेली. कुचला घातला व्हता. तुमच्या कुत्र्यासाठी."

"ठावं हाय."

मला वाटलं मी चुकून दुसरंच काही ऐकलं.

"अर्धी भाकर हितं पडली व्हती," तो हात झटकत म्हणाला. "काळ्या खाईल म्हणून म्या पुरली. तुझी भाकर एका अंगाला जाड असती. अख्ख्या शिवाराला ठावं हाय."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"म्या सांगून कोण ऐकलं असतं? तू सांग. तीन वरीस झालं वाट बघायलोय. हितं माझ्यापुढं येऊन काय उपेग? चावडीवर जा."

त्याच्या आवाजात दया नव्हती आणि क्षमा तर नव्हतीच. त्यानं मला वाचवलं होतं असं कुणी समजू नये. त्यानं मला तीन वर्षं नुसतं टांगून ठेवलं होतं.

मी चावडीवर गेले. नवऱ्याला विचारलं नाही, विचारलं असतं तर गेले नसते. पाटील आणि चार पंच बसले होते. मी डोक्यावरचा पदर सावरून सगळं सांगितलं. कुचला, गूळ-तूप, वाराची चूक, सगळं. पंच एकमेकांकडे बघत राहिले. मग पाटील हसले, अगदी मायेनं.

"अक्का, तुमचं मन लई मोठं हाय. म्हाताऱ्याची कीव आली म्हणून पाप आपल्या अंगावर घ्यायलाव व्हय?"

"खरं सांगायलेय मी, पाटील."

"व्हय, व्हय. जावा घरी. म्हाताऱ्याचं आमी बघतो."

त्यांना खोटं वाटलं असं नाही, आता विचार केल्यावर वाटतं. पण माझं खरं मानायचं तर तीन वर्षं गाव चुकलं असं मानायचं, आणि ज्या सुनेनं वानरीला कुंकू लावलं तिनंच तिला मारली असं मानायचं. त्यापेक्षा मला देवमाणूस करणं सोपं होतं. आठ दिवसांत गावभर झालं की शेजारीण बघा कशी, असल्या माणसासाठी चावडी चढली. बायका माझ्या पाया पडायला लागल्या. मला त्यांचे हात झटकून टाकावेसे वाटायचे.

पाटलांनी करजगीला चिठ्ठी धाडली. गावानं म्हाताऱ्याला माफ केलं आहे, पायरीवर डोकं ठेवलं की झालं, लेकरं पाठवावीत.

येळवसच्या चार दिवस आधी जावई गाडी घेऊन आला. देवळापाशीच गाडी थांबवली. आत नातू-नात बसलेली, तीन वर्षांत ओळखू न येण्याइतकी वाढलेली. नात म्हाताऱ्याकडे बघून भावाच्या मागे सरकली. निरोप गेला तसा म्हातारा आला. अर्धं गाव जमलं होतं.

"मामा, पायरीवर डोकं ठेवा," जावई म्हणाला. "मग पोरं उतरतील. न्हाई तर असंच माघारी जातो."

म्हातारा गाडीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा थुंकेल आणि मळ्याकडे वळेल. तसंच व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. तो वाकला नसता तर मी पुढे होऊन पुन्हा ओरडून सांगितलं असतं, आणि या वेळी पोरांच्या देखत सांगितलं असतं. मी गर्दीतून दोन पावलं पुढे आलेही.

त्यानं गुडघे टेकले. त्या गुडघ्यांना ते सोपं नव्हतं. पायरीवर डोकं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "माझ्या हातून वानर मेलं. पाप झालं."

लोकांनी मारुतीचा जयजयकार केला. जावयानं पोरांना खाली उतरवलं. म्हातारा उठला तेव्हा मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. मी तोंड उघडलेलं त्याला दिसलं. कपाळावरची धूळ न पुसता, पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघून, तो दबक्या आवाजात म्हणाला, "आता बोललीस तर जीव घीन. पोरं खाली उतरलीत."

मग त्यानं नातीचा हात धरला आणि दोघं मळ्याकडे चालायला लागली. नातू मागून पळत गेला.

पुढे पाच हिवाळे पोरं आली. रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी म्हातारा गेला, तोवर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही आणि मीही कुणाशी या विषयावर बोलले नाही. त्याच्यासाठी मी आयुष्यात तेवढं एकच काम केलं, आणि तेही त्यानं धमकावलं म्हणून.