ओढणीतला वास

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी इनऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला सॉल्ट ओळखायला हायड्रोजन सल्फाइड सोडायचे. वास थेट सडक्या अंड्यांचा. तोच वास ओढणीत घेऊन मी पडेगावला घरी आले, तर माळकरी आईनं उंबऱ्यावरच अडवलं.

“अंडं खाल्लंस व्हय गं?”

“अगं, हा गॅस आहे, अभ्यासातला!”

“असली घाण कोण शिकवतं? खोटं बोलू नको.”

माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात शेजारच्या चाची आल्या. त्यांच्याकडं रोज अंडी शिजायची, म्हणून आईनं निवाडा त्यांच्यावरच सोडला. चाचींनी ओढणी हुंगली आणि पटकन नाकाला पदर लावला.

“तौबा! भाभी, अंड्याला कशाला बदनाम करता? अंडं एवढं नाय सडत. हा वास कॉलेजचाच हाय.”