देवापुढचा मोबाइल

आमच्या घरात पगार झाला की मोबाइल देवापुढे ठेवतात. माझ्या बाबांचा पगार पाकिटातून यायचा. आई ते पाकीट देवापुढे ठेवून वर कुंकू वाहायची. पुढे पाकिटं बंद झाली, पगार परस्पर बँकेत जमा व्हायला लागला, पण माझ्या बायकोनं ही पद्धत मोडली नाही. आमचं खातं जॉइंट, आणि त्याला जोडलेला नंबर तिचा. महिनाअखेरीला बँकेचा मेसेज आला की ती मोबाइल देवासमोर टेकवून उभा करते, स्क्रीन खराब होऊ नये म्हणून कुंकू नुसतंच हवेत वाहते, आणि वाटीभर रव्याचा शिरा करते. पुणं सोडून बंगळुरात आलो, भाड्याची तीन घरं बदलली, शिरा चुकला नाही. कधी मेसेज रखडला तर मी ऑफिसातून फोन करायचो, "झाला गं पगार." तेवढ्यावर ती रवा भाजायला घ्यायची. मी चिडवायचो, "देवाला एकदा ओटीपीपण सांगून ठेव." ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा त्याच्याकडे सुरक्षित राहील."

बालीला जायच्या आठ दिवस आधी माझी नोकरी गेली.

बेळ्ळंदूरच्या ऑफिसात सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग लावली होती. स्क्रीनवर एचआरची एक मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. ती वाचून दाखवत होती आणि मी मान डोलवत होतो. हिशेब पंचेचाळीस दिवसांनी होईल, चालू महिन्याचा पगारही त्यातच येईल, असं तिनं सांगितलं. मी जागेवर परतलो तोवर लॅपटॉप बंद पडला होता. अकरा वाजले होते. एवढ्या लवकर घरी गेलो तर विचारणार, म्हणून मी संध्याकाळपर्यंत एका दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, चार कॉफ्या प्यालो आणि नेहमीच्या ट्रॅफिकमधून नेहमीच्या वेळेला घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा बाहेर पडलो. तो आठवडा मी असाच काढला.

तिकिटं आणि हॉटेल भरून झालेलं होतं, रद्द केलं तर एक पैसा परत मिळणार नव्हता. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि आम्ही दोघंच असे कुठेही गेलो नव्हतो. महाबळेश्वरला गेलो होतो, तेही माझे आईबाबा आणि आत्या बरोबर घेऊन. तिची हौस होऊ दे, परत आल्यावर सांगू, असं मी ठरवलं. त्या वेळी मला ते फार थोर मनाचं वाटलं होतं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

परदेशात खर्चायला एक वेगळं कार्ड घेतलं होतं. त्यात चाळीस हजार भरायचे ठरले होते, मी पंचवीसच भरले. तिला सांगितलं, "तिथं सगळं स्वस्त असतं म्हणे." बालीच्या नोटांवर शून्यंच शून्यं. तिनं पहिल्याच दिवशी युक्ती शोधली: शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला साडेपाचानं गुणायचं, की आले आपले रुपये. विमानतळावर मशीनमधून नोटा निघाल्या तेव्हा ती हरखून म्हणाली, "अरे, आपण एकदम लखपती!" ती इतकी मोकळी हसली की मी दुसरीकडे बघायला लागलो.

हॉटेलच्या काउंटरवर त्यांनी दहा लाखांचं डिपॉझिट मागितलं, म्हणजे आपले साडेपाच हजार. परत मिळणारं होतं, पण कार्डातून आत्ता कापलं जाणार होतं. परदेशाच्या कार्डावरचे पैसे अडकायला नकोत म्हणून मी घरच्या खात्याचं कार्ड दिलं. तिच्या पर्समध्ये मोबाइल वाजला. "बघ," ती म्हणाली, "बँकेचे मेसेज इथेपण पोचतात." मी हसलो. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मी साडेपाच हजारांच्या विचारात होतो.

दुसऱ्या दिवशी बाजारात तिनं शेजारच्या अक्कांसाठी एक सारंग उचललं, तिथं कमरेला गुंडाळतात ते कापड. भाव माझ्या कानावर पडला आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "पैसे झाडाला लागतात का?" बारा वर्षांत मी तिला असं कधी बोललो नव्हतो. तिनं त्या सारंगाची होती तशीच घडी घालून ठेवली. दुकानदारीण आम्हा दोघांकडे बघून ओशाळं हसली.

तिसरा दिवस महिन्याचा शेवटचा होता. ती सकाळपासून मोबाइल काढून बघत होती. दुपारी म्हणाली, "आज तारीख किती रे?" मी म्हटलं, "सुट्टीत कसल्या तारखा मोजतेस?" तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पुन्हा विचारलं नाही.

चौथ्या दिवशी होडीतून प्रवाळ बघायला जायचं होतं. तळाला काच असलेली होडी होती आणि त्या होडीसाठीच तिनं बाली निवडलं होतं. दोघांचे सात लाख. तिनं भाव विचारला, थोडा वेळ पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नको रे, मला होडी लागेल." मग जेवताना म्हणाली, भूक नाही. आम्ही एक भात मागवला आणि दोन चमचे घेतले. शहाळं एकच घेतलं. पाचव्या दिवशी तिनं दुकानातून गरम पाणी ओतायच्या शेवया आणल्या आणि त्या आम्ही खोलीतल्या किटलीवर केल्या. तिच्या प्रत्येक नकाराला मी मनात साडेपाचानं गुणत होतो. मला हायसं वाटत होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते. सहाव्या दिवशी डिपॉझिट परत मिळालं नाही, चौदा दिवस लागतील म्हणाले. मी काउंटरवर आवाज चढवून भांडलो. ती बॅगा घेऊन दाराशी उभी राहिली.

बंगळुरात देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मी मोबाइलवर कॅब शोधायला लागलो. ती म्हणाली, "बसनं जाऊ."

तिला बस लागते. पुण्याहून येतानासुद्धा आम्ही कधी बस केली नाही. मी म्हटलं, "अगं, बॅगा आहेत, तुला त्रास होईल." ती बॅग ओढत थांब्याकडे निघालीसुद्धा होती.

येलहंका जवळ येईपर्यंत ती रुमाल तोंडावर धरून बसली होती. मग रुमाल बाजूला करून, खिडकीकडेच बघत म्हणाली, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"पगाराचा मेसेज आला नाही."

मी सांगितलं. मीटिंग, दर्शिनी, डबे, सगळं. शेवटी म्हटलं, "तुझी ट्रिप खराब व्हायला नको होती मला."

"मग झाली नाही का?"

तीच पुढे बोलली. "नोकऱ्या जातात रे. तू सांगितलं असतंस तर मी शेवयाच खाल्ल्या असत्या, पण तुझ्याबरोबर बसून. मी होडीला नको म्हटलं. जेवायला नको म्हटलं. म्हटलं, आता तरी विचारेल, का नको म्हणतेस. तू एकदाही विचारलं नाहीस."

कंडक्टर पुढून ओरडला, "अक्का, स्वल्प मुंदे बन्नी!" तो तिला पुढच्या, कमी धक्के बसणाऱ्या जागेवर बोलावत होता. ती उठून गेली. माझ्या शेजारची जागा घरापर्यंत रिकामी राहिली.

चार महिन्यांनी मला दुसरी नोकरी लागली. पगार कमी आहे, पण आहे. आमचं नीट चाललंय. ती मला त्या आठवड्यावरून कधी टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

नव्या नोकरीच्या पहिल्या पगाराला मी ऑफिसातून मुद्दाम फोन केला. "झाला गं पगार."

"बरं," ती म्हणाली. "मेसेज येऊ दे."

बँकेचं काहीतरी अडलं होतं त्या दिवशी. संध्याकाळी घरी गेलो तर देवापुढे दिवा लावलेला होता आणि मोबाइल ओट्यावर होता. कढईशेजारी वाटीभर रवा मोजून ठेवला होता, साखर आणि तूपही काढलेलं होतं. मी पगाराची पावती उघडून तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, "असू दे, येईल." मेसेज साडेआठला आला, आणि तोवर तिनं गॅस पेटवला नाही.