मयताचा वाटा

निवृत्तीनंतर लोक मला दरोडे आणि खुनांच्या गोष्टी विचारतात. मला मात्र आधी आठवते ती केळीच्या पानाने झाकलेली एक प्लास्टिकची बादली. अजूनही कुठे रानडुकराचा विषय निघाला की ती डोळ्यांसमोर येते.

तेव्हा मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रोजचं काम म्हणजे मच्छीमारांची भांडणं, गोव्याची चोरटी दारू आणि शेताच्या दगडी गडग्याचे वाद. भात पिकायला आलं होतं. एके दुपारी एक शेतकरी ठासणीची बंदूक घेऊन आला, ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, डुकराच्या हाक्यात माझ्या हातून माझा दोस्त गेला.

बंदूक वडिलोपार्जित, परवाना चालू. मयत त्याचा लहानपणापासूनचा सोबती. हाकारे डोंगराच्या वरच्या अंगाने आरडाओरडा करत डुक्कर खाली हाकलत होते, मयत त्यांच्यात होता. डुक्कर समोर आलं, याने बार काढला आणि झाडीपलीकडे दोस्त पडला, असं त्याचं म्हणणं. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं, आणि तो आतून पार खचला होता.

हाकाऱ्यांचे जबाब घेतले. सगळे म्हणाले, बंदूक एकच, बार एकच, आणि डुक्कर पळून गेलं. इतके जण रानात होते, पण प्रत्येकाने तेच आणि तेही त्याच शब्दांत सांगितलं. माणसं खरं सांगतात तेव्हा त्यांचं एकमेकांशी इतकं जुळत नाही. मला तिथेच वास आला, पण नुसत्या वासावर आरोपी सुटत नाही.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात शवविच्छेदन झालं. छातीत बारीक भोक, पाठीकडे मोठी जखम, आत शिशाचा नुसता चुरा. ठासणीतही शिसंच भरतात, त्यामुळे डॉक्टर ठामपणे काही सांगेनात. त्या शेतकऱ्याला न्यायालयासमोर उभं करायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयताची बायको ती बादली घेऊन ठाण्यात आली. कोणाशी न बोलता ती सरळ माझ्या खोलीत शिरली.

"साहेब, ह्येंचो वाटो इलो घराक. सुतकात माका डुकराचा मटाण धाडल्यानी."

मीही याच मुलखातला. इथला रिवाज मला ठाऊक आहे. हाक्यात जो जो उतरला, त्याचा वाटा त्याच्या घरी पोचलाच पाहिजे, मग तो लंगडत परतो नाहीतर खांद्यावरून परतो. पळून गेलेल्या डुकराचे वाटे झाले होते! पंचांना बोलावलं आणि मटण बाहेर काढायला लावलं. बावखंड्याच्या, म्हणजे खांद्याच्या, मांसात हाडाजवळ एक धातूचा गोळा रुतला होता. पुढून अळंब्यासारखा फुललेला, बुडाला तांब्याचं कवच. ठासणीच्या शिशाला तांबं कुठून येणार? ही रायफलची मऊ टोकाची गोळी होती.

मी हाकाऱ्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याला बोलावलं. दरडावलं नाही. चहा दिला, पाण्यापावसाचं बोललो आणि सहज विचारलं, "मुंडी खंय गेली?"

"जेचो बार लागता तेच्याच घराक. बागायतदारांच्या," म्हातारा बोलून गेला, आणि चहाची बशी त्याच्या हातातच राहिली.

पोलिसांना खोटं सांगायला ही माणसं तयार झाली होती, पण वाटणीत खोटेपणा करणं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

बागायतदार म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, पीकसंरक्षणाचा रायफल परवाना असलेला. आधी आवाज चढवून बोलला. मी ती गोळी त्याच्यापुढे ठेवली, तसा खाली बसला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मऊ टोकाची गोळी अंगात फुलते, जनावर जागीच बसतं, पलीकडच्या माणसाला धोका नाही, असं तो सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचा. पण त्या दिवशीचं डुक्कर म्हणजे जुना नर. खांद्यावर चिवट ढालीसारखं कातडं. गोळी तिथेच फुलून अडकली आणि डुक्कर पाय ओढत पुढे गेलं. याने घाईत दुसरी झाडली. ती डुकराला लागलीच नाही. तिला सापडला एक किडकिडीत माणूस. त्याच सुमारास ठासणीचाही बार झाला होता, म्हणून बागायतदाराने शेतकऱ्याला सांगितलं की माणूस तुझ्याच बाराने गेला, आणि रायफलचं नाव काढायचं नाही असा त्याच्यासकट सगळ्यांना दम दिला. व्हाळात, खालच्या ओढ्यात, पडलेलं डुक्कर वनखात्याच्या नजरेस पडू नये म्हणून तिथल्या तिथे कापून वाटून टाकलं. हे सगळं ऐकताना त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटत होतं, पण हात आवरला.

आरोपीचा पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही. म्हणून त्याने विहिरीत टाकलेल्या रिकाम्या पुंगळ्या पंचांसमक्ष काढून घेतल्या, रायफल आणि गोळी तपासणीला पाठवली. जागेच्या पंचनाम्यात शेतकऱ्याचा बार एका ऐनाच्या बुंध्यात सापडला. अहवाल आले, बागायतदारावर दोषारोपपत्र गेलं, पुढे शिक्षाही झाली.

शेतकरी सुटला तेव्हा मी स्वतः त्याला जीपमधून मयताच्या घरी घेऊन गेलो. गावासमोर कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. घरापुढच्या खळ्यात जमलेल्या लोकांसमोर उभा राहून मी सांगितलं, याची गोळी झाडात गेली, याचा काही दोष नाही. वाटलं, आता बाईच्या आणि त्याच्याही मनावरचं ओझं उतरेल.

ती खांबाला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर त्याला म्हणाली, "भावजीनू, ह्ये पडले तेवा तुमी आदी खंय धावलास?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "डुकराकडे."

आपला बार लागला असं त्याला वाटलं होतं. मुंडी आपल्या घरी येणार या आनंदात तो व्हाळापर्यंत धावत गेला होता, आणि दोस्त वर एकटाच पडून होता.

बाई आत गेली. तिने दार लावून घेतलं. तो पायरीवरच बसून राहिला, मी हाक मारली तरी उठला नाही.

सगळ्या तपासात मी प्रत्येकाला एकच विचारत राहिलो, गोळी कोणाची? तेवढंच माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. पण निर्दोष ठरवलं की माणूस सुटतो, असं मी त्या दिवसानंतर कधी कोणाला सांगितलं नाही.