आईशी बोलणं झालं आहे

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधले बाप वर्षातून दोनदा घरी येतात, गणपतीला आणि शिमग्याला. एरवी घरात बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. बाप मुंबईत.

मी या भागातल्या शाळांमध्ये विशेष मुलांचं काम बघतो. ज्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, चालता येत नाही किंवा शिकायला वेळ लागतो अशा प्रत्येक मुलासाठी शाळेने वर्षभर काय करायचं याचा एक आराखडा ठरवावा लागतो. मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांना एका ठिकाणी बसवायचं, बोलतं करायचं, सह्या घ्यायच्या, आणि वरून तपासणी आली की सगळं जागच्या जागी असल्याचं दाखवायचं, हे माझं काम. नियमात ‘पालक’ एवढंच आहे, बाप असं कुठंही नाही. पण आई एकटी आली तर म्हणायची, “ते आले की ठरवू.” आईच्या सहीने ठरलेलं बापाने येऊन मोडलं असंही दोन-चारदा झालं. मग मीच एक पद्धत पाडली. ज्या वाडीत ज्या दिवशी शिमग्याची पालखी घरोघर फिरते, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वाडीची बैठक. त्या दिवशी बाप हमखास सापडतो, थोडा झोपेत का असेना.

“गुरुजींच्या बैठका पालखीच्या मागनं चालतात,” असं एका वाडीच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणायचे. “फक्त ढोल तेवढा नसतो.” मीही हसायचो. सोयीची होती पद्धत. कार्यालयात तिचं कौतुकही झालं होतं.

पुढे लिहितोय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला जवळ कुणी नव्हतं हे एक. महाडला माझी एक खोली आहे, बायको आणि मुलगा पनवेलला, आणि आमचं फोनवरचं बोलणं जेवलीस का, जेवले, एवढ्यावर आलेलं आहे. दुसरं म्हणजे, ऐकून कुणीही म्हणालं असतं, यात तुझं काय चुकलं?

त्याच मुख्याध्यापकांच्या वाडीत आठेक वर्षांची एक मुलगी होती. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन ती काढून टाकायची, आणि पावसाळ्यात तर ते बंदच पडायचं. शाळेत दोन शिक्षक, दोघांनाही खुणांची भाषा येत नव्हती. मी पंधरा दिवसांतून एकदा जायचो, तास-दोन तास बसायचो. दोन तपासण्यांत तिच्या नावापुढे त्रुटी निघाली होती, की या मुलीच्या गरजेप्रमाणे सोय झालेली नाही. खरंच झालेली नव्हती. घाटावर एका शहरात मुक्या-बहिऱ्या मुलांची निवासी शाळा होती. तिथे जागा मिळत होती.

शिमग्याच्या आधी एकदा पोलादपूरच्या एष्टी स्टँडवर मी महाडच्या गाडीची वाट बघत होतो. ती मुलगी आणि तिची आई दवाखान्यातून येऊन बाकावर बसल्या होत्या. आई एरवी माझ्यासमोर मान वर करत नसे. त्या दिवशी आपणहून उठून आली.

“गुरुजी, एक सांगायचं हाय. तिला त्या लांबच्या शाळेत नका लावू.”

“तिच्या भल्याचं आहे ते. खुणांची भाषा शिकेल, लिहायला-वाचायला शिकेल.”

“शिकंल. मी नाय कुठं म्हणते? पण घरात दिवसभर माझ्याशी बोलणारी ती एकच हाय. सासरे रानात, ते मुंबईला. मी हात केला की तिला कळतं, तिनं भुवई उडवली की मला कळतं. ती गेली तर मी कुणाशी बोलू? म्हशीशी?”

मुलगी बाकावरून आमच्या तोंडांकडे बघत होती. आई आणखी जवळ आली.

“तळीयेत दरड कोसळून गाव गाडलं गेलं, तवापासनं त्यांना भीती बसलीय. म्हणतात, डोंगर आला तर हिला ऐकू येणार नाय. पण मी पावसात तिचा पाय माझ्या पायाला बांधून झोपते, जुन्या लुगड्याच्या काठानं. मी उठले की ती उठलीच.”

“आणि तुम्ही झोपता कधी?”

“झोपते की. कान तेवढे जागे ठेवते.” ती हसली. मग म्हणाली, “सासऱ्यापुढं मला बोलता यायचं नाय, गुरुजी. तुम्ही बोला. तुमचं ऐकतील.”

“बघू,” मी म्हणालो, आणि माझी गाडी लागली.

बघू हा माझा शब्द आहे. घरीही मी तो फार वापरला. मुलाला पनवेलच्या शाळेत घालायचं, आईसह तिकडेच ठेवायचं ठरलं, तेव्हा मला नको होतं. पण मी बघू म्हणालो, आणि ते गेले.

पालखीच्या दुसऱ्या दिवशी बैठक झाली. शाळेच्या वर्गात दोन बाकं समोरासमोर. एकावर मुख्याध्यापक आणि मी, दुसऱ्यावर बाप आणि आजोबा. मुलगी फळ्याजवळ खडूने काहीतरी काढत होती. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी, डोक्यावर पदर. मुख्याध्यापक म्हणाले, “आत या की, बसा.” ती म्हणाली, “हितं बरी हाय.” आजोबा काहीच म्हणाले नाहीत, आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

बापाच्या कानामागे अजून गुलाल होता. मुंबईत कापडाच्या गोदामात कामाला. “सर, मी सीधी बात करतो,” तो म्हणाला. “हितं तिची लाइफ काय? तुम्ही महिन्यातनं दोनदा येता. बाकी दिवस ती भिंतीकडं बघणार. आणि पावसाचं टेन्शन वेगळंच. वर साधा दगड सुटला तरी अख्खी वाडी उठून बसते. हिला कोण उठवणार? मी तिकडं रात्रभर फोन हातात घेऊन बसतो, सर. नेटवर्क गेलं की मला वाटतं, गेलं सगळं.” त्याने खाली बघून नाक पुसलं. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर मी मनातल्या मनात सगळं त्याच्यावर ढकलायचा पुष्कळ प्रयत्न केला.

मुख्याध्यापक चांगले होते. त्यांनी विचारलं, “आणि आईचं काय म्हणणं?”

बाप दाराकडे वळला. “तिचं काय वेगळं असणार?”

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

मला तेव्हा काय काय सुचलं ते आज नीट सांगू शकतो. शिमग्यानंतर तपासणी येणार होती. मुलगी निवासी शाळेत गेली की तिच्या नावापुढची त्रुटी माझ्या बाजूने मिटली. बाप परवा मुंबईला जाणार, म्हणजे आज ठरलं नाही तर पुढची बैठक थेट गणपतीत. आणि मुलीचं भलं त्यातच आहे हे मला मनापासून पटलेलं होतं. हे शेवटचंही खरं. पण ते खरं नसतं तरी मी तेच केलं असतं.

“आईशी बोलणं झालं आहे माझं,” मी म्हणालो.

“झालं ना? मग लिहू या,” मुख्याध्यापक म्हणाले.

खोटं मी काहीच बोललो नव्हतो. आईने पदर सारखा केला आणि आत आली. “सही कुठं करू?” एवढंच विचारलं. तिने पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, अक्षर न अक्षर लावून. मग मला म्हणाली, “घरी चला. पोळी खाऊन जा, सणाची.” मी गेलो. पुरणपोळी वाढताना तिने विचारलं, “तूप घालू?” मी हो म्हणालो. ती पोळी मी पूर्ण खाल्ली.

संध्याकाळी महाडला उतरलो तर रस्ते माणसांनी भरलेले. मार्चमध्ये चवदार तळ्यावर गावोगावची माणसं येतात. निळे झेंडे, पांढरे कपडे, म्हाताऱ्या बायका एकमेकींचे हात धरून चाललेल्या. माझी खोली त्याच बाजूला. गर्दीतून वाट काढता येईना म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. कुणीतरी मला पाण्याची बाटली दिली. मी ती घेतली आणि उगाच लाज वाटली.

तपासणी छान झाली. मुलगी जूनमध्ये घाटावर गेली. बापाने सुट्टी काढून तिला पोचवलं. नंतर मुख्याध्यापकांनी सांगितलं की एष्टी सुटताना ती खिडकीतून आईला हात करत होती, खाली उतरव, खाली उतरव असं, आणि आई हसत हसत टाटा करत होती. हसली नाही तर पोर जास्त रडेल म्हणून. हे त्यांनी सहज सांगितलं. मी म्हणालो, “सवय होईल.”

झालीही. मुलगी तिथे रुळली, वर्गात पुढे गेली. तिच्या शाळेकडून कळायचं ते सगळं चांगलंच. पण त्या वाडीकडे माझी पावलं वळेनात. तिथे आता माझ्या कामाचं मूल नव्हतं, त्यामुळे न जायला कारणही लागत नव्हतं. स्टँडवर एकदा तिची आई लांबून दिसली. एकटीच बाकावर बसली होती, शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून. मी चहाच्या टपरीमागे गेलो. पन्नाशीतला माणूस, गाडी येईपर्यंत टपरीमागे उभा.

पालखीमागच्या बैठका मी बंद केल्या. आता आधी आईला भेटतो, तिच्या घरी, बाप मुंबईत असताना, आणि ती म्हणेल ते बैठकीत मी स्वतः मोठ्याने सांगतो. त्याने कामं लांबतात. कार्यालयात विचारतात, गुरुजी, तुमचा वेग का हो कमी झाला? मी म्हणतो, वय.

मागच्या गणपतीत मी त्या वाडीत गेलो. मुलगी सुट्टीत आली आहे असं कळलं होतं. आई पडवीत बसून नारळ खवत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “या,” म्हणाली, आणि पाट सरकवला. बाप आरतीला शेजारी गेला होता.

मी उभ्या उभ्याच बोललो. “त्या दिवशी शाळेत... तुम्ही मला स्टँडवर सांगितलेलं मी बोललो नाही.”

“माहीत हाय मला. मी तुमच्याकडंच बघत होते.”

“तुम्ही तरी बोलायला हवं होतंत,” माझ्या तोंडून गेलं.

“मी बोलले होते की,” ती म्हणाली. “स्टँडवर.”

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. उंच झालेली, दोन वेण्या, हातात मोबाइल. मैत्रिणीशी व्हिडिओवर भराभर हात चालले होते. मला बघून तिने मोबाइल खाली ठेवला.

“तिचं अर्धं मला कळत नाय आता,” आई म्हणाली. “आमच्या जुन्या खुणा ती विसरली. तुम्हाला येतं ना तिचं? बसा मग. सांगा मला काय म्हणते.”

मला थोडं येत होतं. मी दोघींच्या मध्ये बसलो.

“ती म्हणते, आई घोरते.”

“हिला काय कळतंय घोरलेलं!” आई हसली. “ऐकू येत नाय ना!”

मुलीने तळहात जमिनीवर थापटून दाखवला.

“म्हणते, जमीन हलते.”

आई इतकी हसली की खवणी सुटली. मुलगीही हसली, तो जाडसर, मोकळा आवाज अख्ख्या पडवीत भरला. मग ती थांबली. आईकडे बोट केलं, स्वतःकडे केलं, मग तळहात लांब, दाराबाहेर लोटला, आणि माझ्याकडे बघत राहिली.

“काय म्हणाली?” आईने विचारलं.

मला ते गिळता आलं असतं. भूक लागलीय म्हणते, असं काहीही सांगता आलं असतं. दोघींनाही कळलं नसतं.

“विचारते, आईनं मला का पाठवलं.”

आईचा हात खोबऱ्यात तसाच राहिला. ती मुलीकडे बघेना. माझ्याकडे बघितलं, शाळेच्या दारातून बघितलं होतं तसं.

मी मुलीकडे वळलो. मला नीट येत नव्हतं, चुकत होतं, दोनदा पुन्हा करावं लागलं. आई नाही. आई नको म्हणाली होती. मला म्हणाली होती. आणि मग बोट माझ्या छातीवर. मी सांगितलं नाही.

मुलीने ते बोट बघितलं. माझा चेहरा बघितला. पुन्हा विचारलं, आई नको म्हणाली होती? मी मान हलवली, हो.

“काय सांगितलंत तिला?” आई म्हणाली.

“खरं ते.”

“त्याला एवढा वेळ?”

मुलगी उठली, मला वळसा घालून आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, अगदी चिकटून. आईचा खोबऱ्याने भरलेला हात धरला आणि बोटं एकेक करून वाकवायला लागली, आपली खूण शिकवायला. आईची बोटं नारळ खवून ताठरलेली, जमेनात. “अगो, हळू!” ती ओरडली, ऐकू येत नसतानाही. मुलीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

शेजारी आरती संपत आली होती. मी पाट भिंतीला लावला, चपला घातल्या. बापाला भेटून जावं असं वाटलं, पण त्यालाही सांगायला लागलं असतं, आणि त्या दिवशी तेवढं बळ उरलं नव्हतं. ते राहिलं आहे अजून. वळणावरून मागे बघितलं तर दोघी तशाच खाली मान घालून बसलेल्या, हातात हात. मी खाली रस्त्यावर येऊन एष्टीची वाट बघत उभा राहिलो.