एक प्रश्न जास्तीचा

वकीलसाहेबांनी बावीस वर्षांची चालती वकिली सोडून खऱ्या माणसांच्या खऱ्या हकिकती लिहायला घेतल्या, तेव्हा अख्ख्या बाररूमने त्यांना वेड्यात काढलं. बायको तेवढी म्हणाली, "लिहा. घरातली उलटतपासणी तरी थांबेल." ती काही थांबली नाही.

पहिलं पुस्तक त्यांच्याच एका हरलेल्या खटल्याचं. कारखान्यात उंचावरून पडून मेलेला एक फिटर, आणि भरपाईसाठी लढलेली त्याची बायको. शेवटचं प्रकरण वाचून साहेबांच्या बायकोने कागद पुढ्यात ठेवले. "'पुराव्याअभावी दावा फेटाळला.' अहो, इथे तुम्ही सरळ पळ काढलाय!"

खरंच होतं ते. त्या दिवशी साक्षीत मुकादमाने कठडा तुटका असल्याचं कबूल केलं होतं. तिथेच उलटतपासणी आटोपून खाली बसायचं, हे शिकाऊ वकीलही जाणतो. पण साहेबांना चेव आला. "मग त्याला थांबवलं का नाही?" "थांबवलं होतं, साहेब. त्याने ऐकलं नाही." झालं! दोष फिटरच्याच माथी आला आणि हातातला खटला गेला. ही चूक त्यांनी चौदा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आता ती लिहून काढली आणि कागद घेऊन ते फिटरच्या बायकोकडे गेले. तिने नको म्हटलं तर पुस्तक छापायचं नाही, हे ठरवूनच.

बाई शिवणकाम करायच्या. साहेब वाचू लागले, तशा मशीन थांबवून ऐकू लागल्या. तो प्रश्न आणि त्याचं उत्तर वाचून साहेबांनी कागद खाली ठेवले. "माझ्यामुळे हरलो आपण, ताई."

"ठाऊक आहे. मागच्याच बाकावर तर होते मी." बाईंनी दातांनी दोरा तोडला. "पण उत्तर अर्धंच का लिहिलंत?"

"अर्धं?"

"मुकादम पुढे बोलला ना! 'खाली माणसं आहेत, कठडा त्यांच्यावर कोसळेल, आधी तो बांधतो म्हणाला आणि चढला.' लोक म्हणत होते, पिऊन पडला. तुम्ही विचारलं नसतं तर मला कळलं असतं का कधी?"

साहेबांना ते वाक्य आठवेना. टिपणवहीतही त्यापुढे कोरंच होतं. आपली चूक उमगली त्या क्षणी त्यांनी ऐकणंच सोडलं होतं. डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. जिभेवर दहा प्रश्न आले होते. सगळे गिळून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सांगा, ताई," ते म्हणाले, आणि बाई थांबेपर्यंत मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.